पहिले चाळीस सेकंद

प्रिय संजना,

सगळं बदललं ते त्या गुरुवारी दुपारी बारा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी. तू म्हणशील, बारा एकोणपन्नास. पंचनाम्यात तीच वेळ आहे, तुझे बाबा स्लॅबवरून पडले तेव्हाची. पण माझ्यापुरतं ते त्याच्या आधीच्या मिनिटाला झालं. त्या मिनिटाबद्दल सांगायला बसलोय आणि दोन तास नुसता घाम पुसतोय. तीन कागद फाडले. तूच एकदा म्हणाली होतीस, तुला राग लगेच येतो आणि खरं बोलायला वेळ लागतो. तर थोडा वेळ दे. माझ्याकडे फार नाहीये, पण तू दे.

हाताने लिहितोय कारण फोन बंद आहे. सिम मीच काढून ठेवलंय. गेटपाशी सकाळपासून दोन पोरं बुलेट लावून बसलीत. त्यांना आमच्याच घरून चहा जातो, आई नेऊन देते आणि परत येताना माझ्या खिडकीकडे बघत नाही. ती परेशशेठची पोरं. परेशशेठ म्हणजे उलव्यातली ती बिल्डिंग ज्याची आहे तो. तू त्याला पाहिलेलं नाहीस. दहाव्याला तो वाडीखालच्या रस्त्यावर पांढऱ्या गाडीत बसून होता, काचा वर करून, एसी लावून. आज चार वाजता तो आमच्याकडे येतोय, माझा फोन न्यायला. 'पोराला नवीन घेऊन देतो, जुना द्या,' असं पप्पांना म्हणाला आणि पप्पा हसले. पप्पा हल्ली त्याच्या प्रत्येक वाक्यानंतर हसतात. आधी मला त्याचा राग यायचा. आता भीती वाटते.

उद्या सकाळी हेच लोक वाडीवर तुझ्या आईचा, साळूमामींचा अंगठा घ्यायला येणार आहेत, हे तुला माहीत आहे. कागदात काय लिहिलंय तेही मनस्वीताईकडून कळलं. मयत दारूच्या नशेत होता, सकाळी दिलेला सेफ्टी बेल्ट त्याने स्वतःहून काढून टाकला, आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही. एकदा मामींचा अंगठा उठला की फाइल बंद, आणि तुझे बाबा कायमचे दारुडे. ताई कामोठ्याच्या दवाखान्यात नर्स आहे म्हणून बरं, तुझ्या हॉस्टेलच्या खालच्या गल्लीत, नाहीतर तुझी खबरही मिळाली नसती. तू तिला विचारलंस म्हणे, बाबा पीत नव्हते, एवढं तरी कुणी लिहून देईल का? ताईने ते मला विचारलं नाही. नुसतं सांगितलं, आणि ताटात भाकरी टाकून निघून गेली. तिला काहीतरी संशय आहे. ती भाकरी कशी टाकते त्यावरून कळतं.

मी लिहून देतो, संजना. ते प्यायचे नाहीत. आणि का नाही, ते तुला माहीत नसेल असं मला वाटतं, कारण सांगताना ते लाजले होते. जेवणाच्या सुट्टीत सगळे एकत्र बसायचे, तुझे बाबा आधी कोपरापर्यंत हात धुवायचे, मग कोरा चहा घेऊन जरा लांब, सळ्यांच्या ढिगावर. एकदा मी जाऊन बसलो तर म्हणाले, पूर्वी घ्यायचो, लय घ्यायचो, पण पोर सहा महिन्यांची होती, उचलायला गेलो तर तोंडाच्या वासानं तिनं मान फिरवली. 'येवढ्याशा जीवानं मान फिरवली ना, धाकले शेट, मंग माजीच मला लाज वाटली.' त्या दिवसापासून थेंब नाही. वीस वर्षं, तुझ्या एका मान फिरवण्यावर. आणि आता तीन ओळींत ते पुसून टाकणार.

मी तुला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरी. पनवेलच्या कॉलेजात स्कॉलरशिपच्या खिडकीवर लाइन होती, मी मित्राचा फॉर्म द्यायला मधेच घुसलो. तू वळून माझ्या गळ्यातली चेन बघितलीस आणि म्हणालीस, 'ओ साडेबारा टक्के, लाइन मागून आहे.' जमिनी देऊन साडेबारा टक्क्यांचे प्लॉट मिळालेल्या आमच्यासारख्यांच्या पोरांना तुम्ही असं नाव ठेवलंय हे मला तेव्हा कळलं. सगळी लाइन हसली. मी दुसऱ्या कुणाला तिथेच धरला असता. तू होतीस म्हणून मी मुकाट मागे जाऊन उभा राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी फॉर्म नसताना परत उभा राहिलो. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. बघ, साधी गोष्ट, पण सांगायला मला दोन वर्षं लागली.

मग ते विश्वजीतचं. लेक्चरमध्ये तुझा डोळा लागला होता, त्याने फोटो काढला, तोंड उघडं असलेला, आणि तू आदिवासी वाडीवरची म्हणून 'रात्री शिकारीला गेली होती' असं लिहून स्टोरीला टाकला. मी त्याचा फोन तिसऱ्या मजल्यावरून खाली टाकला आणि त्याचे दोन दात पाडले. मला महिनाभर घरी बसवलं. महिना संपला तरी मी गेलो नाही, कॉलेज तिथेच सुटलं. सगळ्यांना वाटलं मी माजलोय. खरं कारण वेगळं होतं. मला वाटलं होतं तू खूश होशील, आणि तू जिन्यात मला थांबवून म्हणालीस, 'फोटो माझा होता. मारामारी तुझी कशी झाली? मला विचारलंस?' त्यानंतर त्या वर्गात तुझ्यासमोर बसायची मला हिंमतच झाली नाही.

पप्पांनी साइटवर उभं केलं. आमचा धंदा तुला माहीत आहे, खडी, रेती आणि माणसं पुरवायची. आजोबा मिठागरात स्वतः राबायचे, पप्पा दुसऱ्यांना राबवतात, आणि मी टोपी घालून बघत उभा राहायचो. तू एकदा बोलता बोलता म्हणाली होतीस की बाबा वीटभट्टीवर गेले की सहा महिने दिसत नाहीत. ते माझ्या डोक्यात बसलं. पप्पांशी भांडून मी तुझ्या बाबांना उलव्याला आणलं. दर रविवारी घरी जाता येईल, हजेरी रोजची. तू मला मेसेज केला होतास, फक्त 'थँक्स', पुढे काही नाही. तो मी किती वेळा वाचला ते विचारू नकोस. त्यांना मी मामा म्हणायला लागलो. का, ते तुला बरोबर कळलं होतं, म्हणूनच साइटवर आलीस तेव्हा माझ्याकडे डोळे वटारलेस. मामांनाही कळलं असावं. मला धाकले शेट म्हणताना ते मिशीत हसायचे.

आता त्या फोटोबद्दल. पोलिसांच्या फाइलमध्ये जो लावलाय, मामा बेल्ट घालून, हेल्मेट घालून, छाती काढून उभे आहेत तो. तू तो पोलिसांकडे पाहिलास आणि माधुरी वकीलबाईंना म्हणालीस ना, की हे बाबाच आहेत, मग बेल्ट गेला कुठे? मी सांगतो. तो फोटो मी काढलाय. रोज सकाळी नऊ वाजता मीच काढायचो. अकरा बेल्ट होते, अकरा माणसं ओळीने उभी करायची, फोटो परेशशेठच्या ग्रुपवर टाकायचा, आणि मग अकराही बेल्ट परत घेऊन कंटेनरमध्ये कुलूप. बेल्ट घातला की काम हळू होतं, आणि सिमेंट लागून खराब झाला की फोटोत जुना दिसतो. हे मला पप्पांनी पहिल्याच दिवशी शिकवलं, जसं माल कसा मोजायचा ते शिकवलं. मला त्यात काही वाटलं नाही. खरंच सांगतो, काहीच वाटलं नाही. मामा तर मजा घ्यायचे. कॉलर सरळ करायचे, केसावरून हात फिरवायचे आणि मग वरून हेल्मेट. 'लग्नाचा फोटो काढता का काय, धाकले शेट? नवरी कुठं हाय?' तुमच्या वाडीतला भगवान मागून म्हणायचा, 'हसू नका मामा, पट्टा फाटंल.' त्या गुरुवारी सकाळीही हेच बोलले. त्या फोटोत मामा जे हसतायत ते त्यावर.

विमान गेलं आत्ता. हल्ली दिवसभर जातात, खिडकीची काच थरथरते आणि मला दर वेळी वाटतं जिन्यावर कोणीतरी चढतंय.

दुपारचं मी तुला सगळं सांगणार नाही. तू तो व्हिडिओ पाहिला नाहीस, एवढं एक बरं झालंय. मी खालून शूटिंग करत होतो. फ्लॅट घेतलेल्या लोकांचा एक ग्रुप आहे, त्यावर रोज एकच्या आत कामाचा व्हिडिओ जावा लागतो, माणसं काम करताना दिसली पाहिजेत. मामा चौथ्या स्लॅबच्या कडेला सेंट्रिंगच्या, काँक्रीटला खालून आधार दिलेल्या लोखंडी प्लेटा सोडवत होते. ते पडले आणि माझा हात खाली आला नाही. फोन तसाच धरलेला. भगवान जिना उतरून धावत आला, त्याने मामांचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाणी ओरडला, आणि मी शूटिंग करतोय. लोक म्हणतात ना, असं कसं कुणी उभं राहतं? असं. हात आपला नसतो.

अॅम्ब्युलन्स निघाल्यावर मी कंटेनरच्या सावलीत बसून तो व्हिडिओ नेटवर टाकला. वर लिहिलं, 'ही आहे उलव्याची प्रगती. बेल्ट नाही, जाळी नाही. शेअर करा.' मला वाटलं आग लागेल. लागलीच, पण भलतीकडे. संध्याकाळपर्यंत साडेतीन लाख लोकांनी पाहिला. कुणीतरी तो उचलून त्याला रडकं हिंदी गाणं लावलं. कुणी पडतानाचा भाग हळू करून लाल गोल काढला. खाली लोक लिहीत होते. प्यायलेला असणार. वाडीवाले असेच मरतात. भाई ने उडना सीखा. त्याला चार हजार हसणारे चेहरे. मी एकेकाला शिव्या लिहीत बसलो, रात्र झाली, सकाळ झाली. जेवढं मी लिहिलं तेवढा तो जास्त पसरला, हे मला नंतर कळलं.

आणि मामींचं. ते मला भगवानने सांगितलं, तू कधी बोलली नाहीस. तुमच्याकडे मरणाची बातमी आणणारा सरळ त्या दारात जात नाही. आधी शेजाऱ्याकडे बसतो, पाणी पितो. शेजारीण उठून त्या घरात जाते, काही न बोलता चूल विझवते, बाईजवळ बसते. मग सांगतात. भगवान जीपने वाडीवर पोचला तेव्हा तो रीतीप्रमाणे गणूकडे जाऊन बसला. गणूच्या बायकोने तांब्या दिला आणि रडायला लागली. गणूच्या फोनवर तो व्हिडिओ तासापूर्वीच आला होता, पाण्याच्या टाकीजवळ रेंज येते तिथे. मामी हंडा भरायला गेल्या होत्या. पोरं काय बघतात म्हणून वाकल्या. गाणं चालू होतं. त्यांनी शर्ट ओळखला. भगवान म्हणाला, घरात गेलो तर चूल तशीच जळत होती, वर भात लागलेला, आणि मामी समोर बसलेल्या. चूल विझवायला कुणी आलं नव्हतं, आणि सांगायचं काही उरलं नव्हतं.

हे ऐकल्यावरही मला माझी चूक कळली नव्हती. मी भगवानला म्हटलं, बघ, हे लोक किती हरामी, गाणं लावतात. व्हिडिओ मी टाकला हे मला त्या वाक्यात दिसलंच नाही.

दहाव्याला तू मला आंब्याखाली बाजूला घेतलंस. मला वाटलं रडशील. तू म्हणालीस, 'माझ्या बापाला अजून कितीदा पाडणार आहात तुम्ही लोक? जो बघतो तो एकदा पाडतो. काढ तो. सगळीकडून काढ. आणि तुझ्या फोनमधूनही.' मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. तुम्ही लोक म्हणालीस, त्यात मी होतो.

मी माझा काढला. पण लोकांनी उचललेले माझ्या हातात नव्हते. मी तक्रार केली, ताईच्या फोनवरून केली, आईच्या केली. चाळीसेक तरी झाल्या असतील. सगळ्यांना एकच उत्तर, हा व्हिडिओ आमच्या नियमांविरुद्ध नाही. मग अ‍ॅपवाल्यांनी त्यावर एक राखाडी पडदा लावला. हे दृश्य काहींना त्रासदायक वाटू शकतं, पाहायचं आहे का? तूच सांग, ते वाचून कुठल्या पोराने नको म्हटलं असेल? पडद्याने उलट गर्दी वाढली. मी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर भांडलो. एकजण म्हणाला, मेलेल्या माणसाचं काहीच दाखवू नये, बंदीच पाहिजे. दुसरा म्हणाला, मग साइटवर माणसं मरतात हे कुणाला कळणारच नाही, बिल्डरचं फावेल. मी दोघांना शिव्या दिल्या, कारण दोघंही बरोबर होते. मग एका दुपारी सगळे व्हिडिओ गेले. एकदम, झाडून. परेशशेठच्या ऑफिसातल्या पोरांनी दोन दिवस बसून तक्रारी केल्या होत्या, शेकडो खाती उघडून. आपल्या तक्रारीने जे झालं नाही ते त्यांच्या तक्रारीने झालं. तुला वाटलं मी शब्द पाळला. मनस्वीताईजवळ म्हणालीस, निकेशने एक काम तरी नीट केलं. ती मला सांगायला आली, आणि मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

कारण दुसऱ्याच दिवशी तो सकाळचा फोटो फाइलला लागला. बघ काय झालं ते. खरं होतं ते घाणेरडं होतं म्हणून गेलं. खोटं होतं ते स्वच्छ होतं, इस्त्री केल्यासारखं, ते राहिलं. आणि दोन्ही मीच काढलेलं.

माधुरीबाईंनी तुला सांगितलं की दारू नव्हती हे रिपोर्टमध्ये येईल, पण त्याला महिने लागतील, तोवर अंगठा झाला तर उपयोग नाही. आणि बेल्ट मागितला होता, तो दिला नाही, असं सांगणारा साक्षीदार हवा. तू भगवानकडे गेलीस. तो म्हणाला, 'मी पल्याड होतो, मिक्सर चालू होता, मला काय आयकू नाय आलं.' आता तो कळंबोलीला लोखंडाच्या गोदामात आहे, पप्पांनीच लावलाय. मिक्सर चालू नव्हता, संजना. जेवणाची वेळ होत आली होती, सगळं बंद होतं. माश्या ऐकू येत होत्या. जाण्याआधी भगवान मला भेटायला आला होता. गेटपाशी चप्पल काढून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, 'धाकले शेट, घाबरू नका. मी तुमचं नाव नाय घेतलं.' मी त्याला धक्का मारून बाहेर काढलं. त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पप्पांना मी दोनदा सांगून बघितलं की मामींचा अंगठा घेऊ नका. पहिल्यांदा ते ओरडले, 'डोका फिरलाय तुजा! ती पोरगी तुला नाचवते आनि तू आमचाच घर जालतोस?' दुसऱ्यांदा ओरडले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, 'निकेश, आमी गप हाव म्हनून तू बाहेर हायस. जास्त बोलशील तर तुजीच पाली आत जायची.' फोनमध्ये अजून काय आहे ते त्यांना माहीत नाही. तरी ते असं म्हणाले. परेशशेठला बहुतेक माहीत आहे, किंवा वास आलाय. नाहीतर कुणी जुना फोन मागायला स्वतः येत नाही. आणि फोन गेल्यावर सहा महिने मला पेणला मावशीकडे ठेवायचं ठरलंय. कपडे भरून तयार आहेत. आईने भरले.

आता लिहितो. तुला दिलेली शपथ मी मोडली. व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहे. मी टाकला होता तो नाही, त्याच्या आधीचाही भाग असलेला, पूर्ण. टाकताना मी त्याचे पहिले चाळीस सेकंद कापले होते. अंगठ्याने डावी कड ओढायची, बस. ते बारा अठ्ठेचाळीसला सुरू होतात. मामा वरून हाक मारतात. 'धाकले शेट, पट्टा पाठवा वर. कडंची प्लेट ढिली हाय, पाय ठरत नाय.' स्पष्ट ऐकू येतं. आणि मग माझा आवाज, फोनच्या अगदी जवळचा. 'दोन मिनिटांचं काम आहे मामा! व्हिडिओ चालू आहे, नाटकं नका करू, उरका!' कंटेनरची किल्ली माझ्या खिशात होती. पंचवीस पावलं. मामा 'बरं बरं' म्हणाले. आणि मी शूटिंग करतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी कॉलर सरळ केली. मग पाय पुढे टाकला.

मी बिल्डरवर चिडून तो टाकला नव्हता. मला कुणीतरी दुसरा हवा होता, लगेच, तू विचारायच्या आत. साडेतीन लाख लोकांना मी तुझ्या बापाचं मरण दाखवलं ते माझे चाळीस सेकंद झाकायला. राखाडी पडदा त्यांनी नंतर लावला, मी आधीच लावला होता.

पत्र लिहिलं ते ह्यासाठी की ह्या फोनमधलं आता तुझ्यापर्यंत येणार आहे, आणि माझा आवाज तुझ्या कानावर पडण्याआधी माझं अक्षर तुझ्या हातात पडावं. मी पनवेलला माधुरीबाईंकडे निघालोय. फोन देणार, माझा जबाब लिहून सही करणार, बेल्ट मागितला होता, मी दिला नाही, फोटो रोजचा खोटा होता, कुणाच्या सांगण्यावरून ते नावांसकट. पप्पांचंही. ताई आत्ता डोकावली, म्हणाली फोन मी नेते, पण तिने नेला तर ती नुसती वस्तू होईल, मी नेला तर मी त्याबरोबर असेन. हा व्हिडिओ मी कुठेही टाकणार नाही. ज्याला कागदावर खरं लिहायचंय त्याने तो बघावा, दुसऱ्या कुणाचं त्यात काम नाही. तू बघायचा की नाही, ऐकायचा की नाही, ते तू ठरव, ह्यावेळी मी तुझ्यासाठी काही ठरवणार नाही. फक्त एक कर, उद्या मामींचा अंगठा होऊ देऊ नकोस. दार लावून घ्या, वाडी गोळा करा, काहीही कर. मी पोचलो तर उद्या दुपारपर्यंत माधुरीबाईंचा फोन येईल. नाही आला तर हे पत्र त्यांना नेऊन दे, खाली माझी सही आहे. माफ कर असं लिहिणार नाही, ते मागायची माझी जागा नाही. साडेतीन वाजलेत. खाली टीव्ही चालू आहे पण आवाज बंद केलाय, म्हणजे पप्पा कान देऊन बसलेत. गेटपाशी गाडी थांबल्याचा आवाज आला, दरवाजा एकदाच आपटला, बोलणं ऐकू येत नाही. लवकर आले. आमच्या घराला मागचा जिना नाही, पुढूनच जावं लागणार. ताई दवाखान्याची पिशवी घेऊन दाराशी उभी आहे, हात पुढे करून. तिला पत्र देतो, ती आधी उतरेल. मग मी बाहेर पडतो आणि खोलीचं दार ओढून घेतो.

तू नाही म्हणालीस तरी तुझाच,
निकेश